सकाळी मावशी, दुपारी आई

"प्रगतीला आई नाही," बालसदनाच्या फाटकाशी बसलेली स्वयंपाकीण रामी म्हणाली, आणि रंगूच्या डोक्यावरचं बोचकं घसरता घसरता राहिलं.

आता सूर्यमाळच्या पाड्यावर कुणालाही विचारा, रंगूइतकी संशयी बाई शोधून सापडायची नाही. जीपमध्ये बसायच्या आधी ती ड्रायव्हरचे डोळे बघणार. तांदूळ घ्यायचे तर मूठभर तोंडात टाकून चावणार, मग दुकानदाराचं तोंड बघणार. देवाला नारळ वाहिला तरी तो पोचला की मधेच कुणी खाल्ला, ही शंका तिला असणारच. अशा बाईनं आपली एकुलती एक पोर मिशनच्या बालसदनात ठेवली, याचंच पाड्याला नवल वाटलं होतं. पण करते काय? भात झोडून झालं की इकडे हाताला काम नाही. नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. मागच्या साली पोरीला सोबत नेलं, तर शाळा बुडाली आणि वर भट्टीच्या धुरानं खोकला जडला तो पावसाळाभर हटला नाही. म्हणून यंदा जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या प्रभातारा बालसदनात तिला सोडली. सोडायला जिवा, म्हणजे रंगूचा नवरा, एकटाच आला होता, कारण रंगू तेव्हा तापानं फणफणली होती. तिनं घरच्या दारातूनच पोरीला सांगितलं होतं, "शिमग्याला न्यायला येते."

आणि शिमगा आला होता. जिवा सामान घेऊन पुढं पाड्यावर गेला, रंगू मधेच जीपमधून उतरली, ती ही अशी.

त्यात जीपमध्ये तिनं ऐकलं ते ऐकलंच होतं. बालसदनात एक गोरी बाई आलीय, पोरांचे फोटो काढते, आणि आवडलं ते पोर आपल्या देशाला घेऊन जाते म्हणे. आता हे कोण म्हणे? तर जीपमधली माणसं. जीपमध्ये चढला की जो तो शहाणा होतो आणि उतरला की आपल्या वाटेनं जातो. पण रंगूच्या काळजात कुसळ शिरलं ते शिरलंच.

"आई नाय म्हंजे?" तिनं विचारलं.

"देवाघरी गेली बिचारी. पौषात." रामी कोथिंबीर निवडत होती, तिनं मान वर करून विचारलं, "तुम्ही कोण?"

दुसरी कुणी असती तर तिथंच छाती बडवून घेतली असती. रंगूनं नाही घेतली. तिच्या डोक्यात झटकन प्रकाश पडला. असं आहे तर! जित्या आईला मारून टाकलं, म्हणजे पोर बेवारस झाली. बेवारस पोर न्यायला कुणाला विचारायचं असतं? आरडाओरडा केला तर ही माणसं फाटक लावून घेतील आणि पोर मागच्या दारानं जाईल. चोर धरायचा तर आधी खोकायचं नसतं.

"मी तिची मावशी," ती गोड आवाजात म्हणाली.

"मग बरं झालं आलात. नाशकाहून चर्चचे पाहुणे यायचेत, पोरांचा कार्यक्रम आहे. तो झाला की भेटा. तोवर मला जरा भाकरी थापू लागता का? नाचणीच्या आहेत, आणि इथं खाणारी तोंडं म्हणजे देवा रे देवा."

रंगू चुलीपाशी बसली. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी होती आणि जाळीतून पटांगण दिसत होतं. बघावं तिकडे पोरं. चाळिसांची सोय असलेल्या घरात दुप्पट भरलेली. भट्टीचा हंगाम सुरू झाला की सगळा डोंगर आपली लेकरं इथंच आणून टाकतो. एका गादीवर दोघं निजायची, आणि नळाला अशी रांग की शेवटच्याची आंघोळ होईस्तोवर पहिल्याचे पाय परत मळायचे. पण पोरांच्या गालावर तेज होतं, हे रंगूला दिसलं. तिला त्याचाही संशय आला. बाजारात न्यायच्या आधी कोंबडीलाही दाणे टाकतातच की.

आणि मग तिला प्रगती दिसली.

पायरीवर बसली होती. मागं ती गोरी बाई, गुडघ्यात पोरीला धरून तिच्या केसांतल्या उवा काढत होती. इंग्रिड तिचं नाव, नॉर्वेची, तीन महिने सेवा करायला आलेली. पोरं तिला इंगीताई म्हणत. "इंगीताई कसली, इंगळीच ती," रंगू मनात म्हणाली, आणि तिच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायचीच राहिली. उवा काढणं हे आईचं काम. परक्या बाईच्या मांडीला टेकून पोर डोळे मिटून बसली होती, आणि तिला बरं वाटत होतं, हेच तर रंगूला सहन होईना.

"ती बाई पोरीला नेणार का?" तिनं रामीला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठं नेणार? स्वतःलाच पोट बिघडून तीन दिवस निजली होती." रामी हसली. रंगू हसली नाही. पोट बिघडलेली माणसंसुद्धा चोऱ्या करतात.

पाहुणे आले. गाणी झाली, प्रार्थना झाली. मग बालसदनाच्या मुख्य बाई योगिताबाई पुढं आल्या. त्या वसईकडच्या, धर्मानं ख्रिस्ती, दिवाळीनंतरच इथं बदलून आलेल्या. त्यांनी प्रगतीला हाताला धरून पुढं उभं केलं. रंगू पिठाच्या हातानंच उठून दाराशी आली.

"माझं नाव प्रगती जिवा," पोर म्हणाली. आवाज खणखणीत, नजर समोरच्या झाडावर. "माझी आई देवाघरी गेली. आता हेच माझं घर आहे."

पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला.

"कोण गेली गं देवाघरी?" रंगू ओरडली. "पोरी! अगं इकडं बघ! ही काय उभी मी!"

अख्खं पटांगण वळलं. प्रगतीनंही बघितलं. रंगूनं हात पसरले, पीठ लागलेले पांढरेफटक हात. पोरीचं तोंड उघडलं, आणि आवाज फुटला तो असा, की नळावरची पोरंही गप्प झाली.

"भूत! आयचं भूत आलं!"

आणि ती पळाली. आईकडे नाही हो, इंगीताईकडे. तिच्या मागं जाऊन तिच्या कुडत्यात तोंड खुपसलं. ती गोरी पोरगी उभी राहिली, दोन्ही हात आडवे केले आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नाही. लांब. तुम्ही लांब."

रंगूला कुणी कोयत्यानं तोडलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

योगिताबाईंनी तिला दंडाला धरून खोलीत नेलं. रामी मागोमाग. दार लावलं.

"तुम्ही कोण?"

"प्रगतीची आय."

"रामीला काय सांगितलंत?"

रंगूनं हाताचं पीठ लुगड्याला पुसलं.

"सकाळी मावशी होतात, दुपारी आई कशा झालात? पोरं पळवणाऱ्या बायका अशाच येतात, माहितेय मला. पोलिसांना बोलावू?"

"बोलवा ना!" रंगूचा बांध फुटला. "बोलवाच! मी पण सांगते त्यांना. जित्या आईला मारून पोरीला भर सभेत उभी केली, गोऱ्यांना विकायला! कुणी सांगितलं हो तुम्हाला मी मेली म्हणून? सांगा की! कुणी सांगितलं?"

"तिच्या काकानं," योगिताबाई म्हणाल्या. "चंदू नाव त्याचं. इथं या पायरीवर बसून ढसाढसा रडला तो. आम्ही तिच्या वडिलांना फोन लावला, दोनदा लावला, बंद होता."

चंदूचं नाव निघालं आणि रंगूचं तोंड उघडंच राहिलं. मग ती हळूच खाली बसली, फरशीवरच.

"कावळा," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या डोक्यावर कावळा बसला व्हता, बाई. भट्टीवर. पौषात."

योगिताबाईंना कळेना, पण रामीनं कपाळावर हात मारला. ती इथलीच होती. तिनंच मग सांगितलं. डोक्यावर कावळा बसला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं. ते टाळायचं तर नातलगांना खोटा निरोप धाडायचा, माणूस गेलं म्हणून. त्यांनी रडायचं. रडणं झालं की मरण समजतं आपलं काम झालं, आणि निघून जातं. मग दुसऱ्या दिवशी खरा निरोप द्यायचा, माणूस जितं आहे, आणि सगळ्यांनी हसायचं.

"जिवानं चंदूला फोन केला व्हता," रंगू म्हणाली. "पण पोरीला सांग असं कुणी सांगितलं त्याला? लावा, त्याला फोन लावा."

योगिताबाईंनी लावला. चंदू नाशकाकडे द्राक्षांच्या मळ्यात होता.

"वयनी! आलात का गावाला?" तो खुशीत होता.

"चंदू, तू प्रगतीला सांगितलंस, मी मेली म्हणून?"

"मंग! रक्ताचं माणूस रडायला पायजे ना, वयनी? मी रडलो तरी काय उपेग? दादाचा तसला आवाज ऐकला तवाच मी वळखलं, कावळ्याची भानगड हाय. वळखून रडलेलं मरणाला चालत नाय. पोरगी काय रडली, काय रडली! मी म्हटलं, आता वयनीला शंभर वर्सं मरण नाय."

"आणि खरं कधी सांगितलंस तिला?"

पलीकडे कुणीतरी द्राक्षांचे क्रेट आदळत होतं.

"चंदू!"

"दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी व्हती, मळ्यावर यायला," तो म्हणाला. "राहिलंच ते, वयनी."

राहिलंच! रंगूनं जीपवाल्यावर संशय घेतला, दुकानदारावर घेतला, मिशनवर घेतला, पोट बिघडलेल्या त्या नॉर्वेच्या पोरीवर घेतला, आणि घरातल्या माणसावर घ्यायचा तेवढा विसरली. भट्टीवर तर ती सगळी गोष्ट हसून सोडून दिली होती त्यांनी. खरा निरोप दिल्यावर जिवानं गूळ आणला होता. ते दोघं गूळ खात होते तेव्हा इथं पोर रडत होती.

पण तशी ती सुखासुखी सोडणारी नव्हे. "मला मारली आमच्याच माणसानं, कबूल," ती योगिताबाईंना म्हणाली. "पण तिला रडवायला पाहुण्यांपुढं उभी का केली? त्यांना बघायला मजा येते म्हणून?"

योगिताबाईंनी मान खाली घातली. "चुकलं," त्या म्हणाल्या. त्यांनी जास्त काही सारवासारव केली नाही, आणि रंगूला त्या पहिल्यांदा जरा बऱ्या वाटल्या.

मग प्रगतीला बोलावलं. ती इंगीताईचा हात धरून आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. योगिताबाईंनी समजावलं, रामीनं कावळ्याची आणि काकाच्या रडण्याची सगळी गोष्ट सांगितली. पोर हलेना. शेवटी बारीक आवाजात म्हणाली, "पाय दाखव."

रंगूला कळलं. भुताचे पाय उलटे असतात, तिनंच शिकवलेलं. तिनं लुगडं घोट्यावर उचललं आणि पाय पुढं केले. चिखल तुडवून भेगाळलेले, पण सरळ. बोटं पुढं, टाचा मागं. पोरीनं वाकून बघितले. मग जवळ येऊन एका बोटानं अंगठ्याला हात लावला.

"गरम हाय," ती इंगीताईला म्हणाली.

इंगीताईला सगळं कळलं नव्हतं, पण जेवढं कळायला हवं तेवढं कळलं असावं. ती रडत होती. तिनं योगिताबाईंना इंग्रजीत काही सांगितलं.

"ती म्हणते," योगिताबाई म्हणाल्या, "ही पोर रोज रात्री आईला हाक मारत उठायची. इंग्रिडला काय बोलायचं सुचत नसे, म्हणून नुसती शेजारी बसून राहायची."

रंगूनं त्या गोऱ्या पोरीकडे बघितलं. इंगळी म्हटलं होतं आपण हिला. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तेवढाच हेवाही वाटला, खोटं कशाला बोला.

"चल घरी," ती प्रगतीला म्हणाली. "शिमगा हाय. बा वाट बघतो."

पोरीनं आपली पिशवी आणली. फाटकापर्यंत ती मधे चालत होती, एका बाजूला इंगीताई, एका बाजूला आई. फाटकाशी इंगीताईनं हात सोडला. रस्त्यावर जीपची वाट बघत उभ्या राहिल्या तेव्हा प्रगतीनं विचारलं, "मरण टळायला रडावं लागतं ना?"

"हो."

"काका रडला ते चाललं नाय?"

"नाय. त्याला ठाऊक व्हतं."

"आणि बा?"

"बालाही ठाऊक व्हतं."

"म्हंजे मी एकटीच खरं रडली."

रंगूनं पोरीचा हात घट्ट धरला. पोरीनं तो सोडवून घेतला नाही, पण आईकडे बघितलंही नाही.

"आय," ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आता परत कावळा बसला तर मला नको सांगू. दुसऱ्या कोणाला तरी रडायला सांग."