घरजावयाचा गाळा

आमच्या शिंप्यांच्या गल्लीत पक्के गाळे बांधून झाले आणि भल्याभल्यांची डोकी फिरली. गाळे थोडे, माणसं जास्त, त्यात बाहेरून आलेले वेगळेच. त्यांतला एक काजवाला. मशीन घेऊन आला आणि कोपऱ्यावर छत्रीखाली बसला. गल्लीतले सगळे शर्टांची काजं त्याच्याकडूनच करून घेत आणि पाठ फिरली की त्याच्याच नावानं खडे फोडत.

सगळ्यात जास्त खडे आमच्या ह्यांचे. कालचे आलेले उद्या डोक्यावर बसतील, हे जेवताना-झोपताना ऐकून माझे कान किटले होते. त्यालाही पोरंबाळं आहेत, असं मी म्हणायचे. पुढे तेही सोडून दिलं. बोलून बोलून कंटाळा येतो माणसाला.

गाळे कुणाला द्यायचे ते ठरवायला इस्त्रीवाल्या काकांच्या दुकानासमोर बैठक भरली. ह्यांनी उठून नियम सुचवला, ज्याचा बाप या गल्लीत मशीनवर बसला त्यालाच गाळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. काजवाला मागे उभा होता.

काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "जावईबापू, तुमचे वडील कुठं बसायचे?"

हे हसले. बोट आमच्या दुकानाकडे गेलं आणि तिथंच अडलं. त्या दुकानात बसायचे ते माझे वडील. लग्नानंतर हे आमच्याकडे राहायला आले, वडिलांच्या हाताखाली कात्री धरायला शिकले, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात सगळं ह्यांनीच केलं. त्यांना बाबा म्हणता म्हणता हे खरोखरच विसरले होते, शपथेवर सांगते. गल्ली तेवढी विसरली नव्हती. मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला, ह्यांचाही.

शेवटी काकांनीच तोडगा काढला. गाळा मुलीच्या, म्हणजे माझ्या नावावर. नियमही राहील आणि जावयाची सोयही होईल. मी म्हटलं, त्यापेक्षा नियमच मोडा आणि काजवाल्यालाही द्या. पण तोवर लोक चपला शोधायला लागले होते. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलेला आमचा माणूस त्या दिवशी जेवला नाही.

दोन दिवसांनी काजवाल्यानं गाशा गुंडाळला. मी नव्या गाळ्यात झाडत होते, हे मशीनला तेल देत होते. त्यानं आमचे राहिलेले शर्ट काजं करून, घडी घालून आणून दिले. मग जरा घुटमळला.

"दादा, तुम्हीही बाहेरचेच होय? कधी बोलला नाहीत."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ह्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली.

"मलाही परवाच कळलं," हे म्हणाले.