निळा ठिपका, पिवळा ठिपका

भांडण वाढवलं ते भांडारपालाने, आणि तेही मिटवायला जाऊन. विद्यार्थ्यांच्या दोन संघटना एकमेकांनी वापरलेल्या खुर्चीवर बसेनात, तेव्हा त्याने विद्यापीठाच्या तीनशे बारा लाकडी खुर्च्या मोजून अर्ध्यांना निळा ठिपका लावला, अर्ध्यांना पिवळा. एकही शिल्लक ठेवली नाही. माणूस हिशेबाचा, शिल्लक उरली की त्याला चैन पडत नसे.

ती शिल्लक नेमकी आज सकाळी अकराला हवी होती. त्याच्या सख्ख्या भाचीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक उद्या निवृत्त होणार. आज राहिली तर नवा परीक्षक नेमेपर्यंत दोन वर्षं. विषय वाळवी. तिने भाचीची सहा वर्षं आधीच खाल्ली होती.

निळे हॉलच्या दारात उभे. परीक्षक पिवळ्यावर टेकले तर परीक्षा रद्द. पिवळे खिडकीशी, त्यांचंही तेच, रंग बदलून. कुणीतरी दोन खुर्च्या जोडायचं सुचवलं. मग परीक्षकांची उजवी बाजू कोणत्या रंगावर, यात पाऊण तास गेला.

"मामा, तुझं स्टूल आण ना," भाची हळूच म्हणाली.

स्टूल मामाचं स्वतःचं, घरून आणलेलं, त्यावर बसून तो डबा खाई. लगेच मामाची चौकशी सुरू झाली. निळ्यांना आठवलं, त्याने पिवळ्यांना सभेसाठी माइक दिला होता. पिवळ्यांना आठवलं, निळ्यांनाही दिला होता.

"म्हणजे हा कुणाचाच नाही," निळ्यांचा पुढारी म्हणाला.

"मग तर विचारायलाच नको," पिवळ्यांचा म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. स्टूल बाद.

परीक्षा उभ्याने झाली. परीक्षकांचे गुडघे दोन प्रश्नांपुरते टिकले.

"वाळवी आधी काय खाते?"

"जे बरेच दिवस कुणी हलवत नाही ते, सर."

दुसरा प्रश्न, बाहेर जायचा रस्ता कोणता, हा होता. तोही तिला आला. पास.

दुपारी कुलगुरूंचा हुकूम आला: वाद मिटेपर्यंत सगळ्या खुर्च्या हॉलमध्ये टाकून कुलूप लावा, कुणीही हात लावायचा नाही. मामा कुलूप घेऊन उभा राहिला. डॉक्टर झालेली भाची आत गेली, एका निळ्या आणि एका पिवळ्या खुर्चीचा पाय नखाने टोकरून आली.

"मिटायला किती दिवस लागतील रे मामा?"

"वर्ष तरी."

तिने बोटावरचा भुसा फुंकला.

"मग पुढच्या वेळी मोजायला तुला फारसा त्रास पडायचा नाही."