यानाचं दार

रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसत, ती माझ्या प्रेमापोटी नव्हे, माझ्या रंगीत टीव्हीपोटी. हे मला ठाऊक होतं आणि त्याचं दुःखही नव्हतं. जन्मभर मुलींना गणित शिकवून निवृत्त झालेल्या एकट्या बाईकडे कुणी कशासाठी का होईना येतंय, हे काही थोडं नाही. चपला जिन्यात ओळीनं काढाव्यात एवढंच माझं म्हणणं असे, आणि नेमकं तेवढंच कुणी ऐकत नसे.

आमचं घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. मधल्या मजल्यावर मी. वर नीलकंठ, बँकेतला अधिकारी, नागपूरहून बदलून आलेला, आणि बनारसातली प्रत्येक गोष्ट नागपुरात कशी बरी मिळते हे न विचारता सांगणारा. खाली ढुंढिराजशास्त्री, पिढ्यान्पिढ्या काशीतले, घाटावर आणि यजमानांच्या घरी कर्मं चालवणारे. त्यांच्याच घरात त्यांची भावजय आनंदी आणि तिची मुलगी मधुरा. मधुरा एम.ए. करत होती आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवत असे.

आनंदीचा नवरा वासुदेव बारा वर्षांपूर्वी रामनगरची रामलीला बघायला म्हणून नावेत बसला तो परतलाच नाही. बुडाला म्हणावं तर देह मिळाला नाही, साधू झाला म्हणावं तर कुणाला दिसला नाही. एवढ्या वर्षांत आनंदीनं त्याच्याविषयी अवाक्षर काढलं नव्हतं. कुंकू लावत होती, मंगळसूत्र घालत होती, शिलाई मशीन चालवून मुलीचं शिक्षण करत होती. बाई आशेवर जगते आहे असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं, आणि मीही तेच धरून चालले होते.

आता मधुराचं लग्न ग्वाल्हेरच्या एका घरात जमत आलं होतं आणि तिथंच घोडं अडलं होतं. मुलाकडच्यांचा प्रश्न साधा होता. मुलीचे वडील आहेत की नाहीत? पत्रिकेत नाव कसं छापायचं, कन्यादानाला कोण बसणार? शास्त्रात यावर उपाय आहे. बारा वर्षं वाट पाहून झाली की पळसाच्या देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला अग्नी देतात, आणि तो गेला असं धरतात. ढुंढिराजशास्त्र्यांनी पंचांग पाहून दिवसही काढला होता, पुढचा रविवार. आनंदीनं हो म्हणायचाच काय तो अवकाश होता. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

अशात त्या मालिकेचा तो भाग लागला.

मालिका हिंदी, अंतराळातली. ग्रह दोऱ्याला टांगलेले आहेत हे उघड दिसे, तरी गल्ली जीव मुठीत धरून बघत असे. गोष्ट अशी होती, की एक शास्त्रज्ञ यानातून दूर गेलेला, त्याचा संपर्क तुटलेला, वर्षं उलटलेली. सरकारनं त्याला मृत ठरवून मागच्याच भागात त्याच्या फोटोला हार घातला होता. या भागात त्याचं यान अचानक परत आलं आणि त्याची बायको जिथं नोकरीला होती त्याच अंतराळ स्थानकाला येऊन लागलं. आतून आवाज आला, की मी आहे, दार उघड. हिशेबानं यानातली हवा केव्हाच संपलेली. आवाजाला मात्र सगळं ठाऊक, तिचं लाडाचं नाव, लग्नातल्या पंगतीत कोणती भाजी खारट झाली होती तेसुद्धा. बायकोनं दाराच्या लाल दांड्यावर हात ठेवला, संगीत वाढत गेलं, आणि पडद्यावर अक्षरं आली की उरलेलं पुढच्या रविवारी.

पुढे आठवडाभर आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. नीलकंठाचं मत पडलं की आवाज यंत्राचा आहे, परग्रहावरच्यांनी त्या माणसाचा मेंदू वाचून घेतला आणि आता स्थानक ताब्यात घ्यायला आले आहेत, तेव्हा दार उघडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शास्त्रीबुवांचं मत वेगळं, पण निष्कर्ष तोच. बाहेरून नाव घेऊन हाक मारणारा जिवंतच असेल असं नाही. त्यात त्या माणसाला मृत ठरवून झालेलं, म्हणजे तो मेलाच. नीलकंठ म्हणाला, माणूस श्वासानं जिवंत असतो, हारानं मरत नाही. त्यावर शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, की श्वास तर त्याचाही संपला असं तुम्हीच हिशेब करून सांगता आहात. नीलकंठानं लगेच नागपूरच्या हवेचा विषय काढला, आणि मला फार बरं वाटलं.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याचं म्हणणं सरळ होतं. नवरा आहे, दार उघडायचं, यात विचार कसला करायचा. दूधवाल्याचं म्हणणं, की आधी खिडकीतून बघावं. लोकांना उचलली जीभ लावली टाळ्याला एवढंच जमतं. बोलत होते सगळे यानाविषयी, पण बोलताना आवाज जरा खाली यायचा आणि डोळे आमच्या घराच्या खालच्या दाराकडे जायचे. आनंदी मशीनवर बसलेली असे. तिला ऐकू जात नसेल असं मानायला मी तयार नाही.

माझ्या खोलीत चहाच्या वेळी हाच वाद चालू असताना मधुरा एकदाच बोलली.

"उघडो, न उघडो, लेकिन तय तो करे. नुसती हात ठेवून बसलीय."

नीलकंठानं बशीतला चहा उगाच कपात ओतला.

बुधवारी संध्याकाळी आनंदी माझे पडदे शिवून घेऊन वर आली. शास्त्रीबुवा आणि नीलकंठ होतेच. शास्त्रीबुवा तेव्हा रंगात आले होते. समजा तो शास्त्रज्ञ खरोखर जिवंत निघाला, तर काय करायचं, हा प्रश्न नीलकंठानं टाकला होता, आणि काशीतल्या शास्त्र्याला 'समजा' म्हणून काही दिलं की तो घरी जात नाही. त्यांनी सांगितलं, शास्त्रानं हाही विचार करून ठेवला आहे. ज्याला मेला धरून अग्नी दिला तोच परत आला, तर त्याला तुपाच्या हंड्यात बुडवून बाहेर काढायचं. तो त्याचा नवा जन्म. मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून करायचं. अंतराळात वजन नसतं, तूप हंड्यात राहणार कसं, असा नीलकंठानं अडथळा काढला. शास्त्रीबुवांनी तो मान्य केला आणि विधी पृथ्वीवर उतरल्यावर करावा असा निवाडा दिला.

आनंदी पडद्याची घडी घालत होती. घडी घालता घालताच तिनं विचारलं.

"भाऊजी, आणि त्याच्या बायकोचं काय?"

"तिच्याशी पुन्हा लग्न लावायचं. अग्नीसमोर, नव्यानं."

"म्हणजे पहिलं लग्न उरत नाही?"

"त्याचा पहिला जन्मच उरत नाही, तर लग्न कुठलं उरणार?"

"आणि तिला नको असेल तर?"

यानाची गोष्ट चालू नाही, हे शास्त्रीबुवांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. पाहून सांगतो, एवढं म्हणून ते उठले. त्यांना मी वादातून असं उठताना त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

माणूस हेकट, जेवणात मीठ कमी पडलं तरी शास्त्राधार मागणारा. पण एक गुण त्यांच्यात होता. शास्त्राच्या बाबतीत ते स्वतःच्या सोयीनं बोलत नसत. दुसऱ्या दिवशी दुपारी आनंदी माझ्याकडे पडदे टांगत असताना ते वर आले आणि दारातच उभे राहिले.

"पाहिलं," ते म्हणाले. "त्याच्यासाठी दोन वाटा सांगितल्या आहेत. तीच बायको करावी, नाहीतर दुसरी. तिच्यासाठी काहीच सांगितलेलं नाही."

"नाही म्हणायला मनाई आहे?" आनंदीनं विचारलं.

"नाही." सख्ख्या धाकट्या भावाविरुद्ध निकाल द्यायचा होता, आणि तो त्यांनी दिला. "ज्याची मनाई नाही, त्याची मोकळीक असते. हा आमचाच नियम आहे, मी तो मोडणार नाही."

"मग रविवारी करून टाका," आनंदी म्हणाली.

ते जिना उतरून गेले. आनंदी स्टुलावरून खाली आली आणि तिथंच बसली. मग ती जे बोलली ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"बकुळताई, तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी वाट बघतेय. तो बुडालेला नाही. त्या दिवशी उकाडा होता आणि त्यानं पिशवीत लोकरीची बंडी घातली. रामलीलेला जाणारा माणूस आश्विनात बंडी नेतो का? मी पाहिलं आणि गप्प बसले. वाटलं, विचारलं तर लवकर जाईल."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं कुंकू कशाला?

"मेला म्हटलं की माफ करावं लागतं. तेरावं घालायचं, वर्षश्राद्ध घालायचं, चांगलं तेवढंच आठवायचं. मला माफ करायचं नव्हतं. आणि तो जिवंत धरला, तर एक दिवस येणार, पाय धुवायला पाणी मागणार, आणि मला द्यावं लागणार. याचीच धास्ती होती. आता तसं नाही. आता आला, तर आधी त्यानं मला विचारायचं, आणि नाही म्हणायची मला मोकळीक आहे."

मला सहसा रडू येत नाही. त्या दिवशी आलं. आनंदीनं मला पदर दिला नाही की पाणी दिलं नाही, पडद्याची उरलेली कडी लावून ती खाली गेली.

रविवारचा विधी पहाटेच सुरू केला. कारण कुणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांना नऊच्या आत परतायचं होतं, शास्त्रीबुवांनासुद्धा. शिंदे घाटावरून दोन नावा करून आम्ही पलीकडच्या वाळूत गेलो. पळसाचे देठ दर्भानं बांधून माणूस केला होता. लांबून तो झोपलेल्या पोराएवढा दिसत होता. मोठा भाऊ म्हणून अग्नी शास्त्रीबुवांनीच द्यायचा. मंत्र त्यांनी खणखणीत म्हटले, आणि काडी लावायच्या वेळी मात्र पहिली काडी हातातच विझली, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून त्यांना दुसरी काडी ओढावी लागली. वासुदेव त्यांचाही कुणी होता हे आम्ही सगळे विसरून गेलो होतो. मधुरा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, बाबा, बाबा म्हणत, अगदी लहान मुलीसारखी. आनंदीनं मंगळसूत्र आपल्या हातानं उतरवलं, मधुराच्या मुठीत दिलं आणि मूठ मिटवली. तिचे डोळे कोरडे होते.

स्नानं करून परतलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. आता खालच्या घराला सुतक, आणि सुतकात दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघावा का, हा पेच उभा राहिला. शास्त्रीबुवांनी जिन्यातच निर्णय दिला, की विटाळ शिवण्याचा असतो, बघण्याचा नाही. त्याप्रमाणे ते आणि मधुरा माझ्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर, कुणाला न शिवता बसले. आनंदी त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी राहिली. कपाळ मोकळं होतं. मला वाटलं होतं मला बघवणार नाही, पण बघवलं.

पडद्यावर मागचं सगळं पुन्हा दाखवलं. आवाज विनवण्या करत होता. स्थानकाचा प्रमुख बायकोला मागं ओढत होता. तिनं त्याला ढकललं आणि दोन्ही हातांनी लाल दांडा धरला. संगीत वाढलं. दांडा हलला, दाराच्या फटीतून पांढरा धूर येऊ लागला, आणि आमच्या मोहल्ल्याची वीज गेली.

'हाय' म्हणणारा एकच आवाज गल्लीभर झाला. नीलकंठानं वीज मंडळाला नागपुरी भाषेत चार शब्द सुनावले. वाट पाहिली, हातपंख्यानं वारा घेतला, आणि वीज आली तेव्हा टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम चालू होता. त्या शेवटाविषयी पुढे प्रत्येकानं वेगळं ऐकलं. नीलकंठाच्या लखनौच्या साडूनं सांगितलं आत कुणीच नव्हतं, पानवाल्याला कुणी सांगितलं की नवराच निघाला. मी चौकशी केली नाही.

पण ते नंतर. तेव्हा खोलीत आणि अंधाऱ्या जिन्यात सगळे तावातावानं बोलत होते. दार उघडलं असेल की शेवटच्या क्षणी तिनं हात काढला असेल, यावर पुन्हा दोन पक्ष पडले. शास्त्रीबुवा म्हणाले, नसेल उघडलं, शहाणी बाई उघडणार नाही. तेव्हा मधुरानं मागं वळून आईला विचारलं, तुला काय वाटतं. आठवडाभरात आनंदीचं मत कुणी विचारलंच नव्हतं.

"उघडलं असेल," आनंदी म्हणाली. "कोण आलंय ते बघायला नको? आत घ्यायचं की नाही, ते नंतर." आणि खाली मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा राहिला होता, तो पुरा करायला ती जिना उतरून गेली.