मालनबाईंच्या दिव्याचा ट्रान्झिस्टर

आमच्या वर राहणाऱ्या मालनबाईंना ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणं ओळखतात. नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं, तेही जेमतेम पाऊण तास, आणि वेळ ठरलेली नसते. म्हणून मी त्यांच्या शिलाई मशीनजवळ एक लाल दिवा लावून दिला होता. नळात पाणी आलं की दिवा पेटायचा आणि त्या हातातलं ब्लाउज टाकून खाली धावायच्या. मागच्या खेपेला तो पेटलाच नाही. सहा दिवस त्यांनी शेजाऱ्यांकडे घागरी मागून काढले. आज पुन्हा पाण्याचा दिवस होता.

सर्किटमधल्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी दिवा पेटवणारा, म्हणजे एसएल १००, जळला होता. पैठण गेटजवळच्या दुकानात गेलो.

"काका, एसएल १०० आता कुठं मिळतो?" दुकानदार शिवराज म्हणाला. "हा बीसी ५४७ घ्या. सगळीकडं चालतो."

"दिवा अडीचशे मिलिअँपिअर करंट घेतो. याला शंभरच झेपतात."

"लई पुस्तकं वाचता राव तुम्ही!"

दुकानातली माणसं हसली. एरवी मी मुकाट्यानं तोच घेऊन आलो असतो. पण दिव्याचा आकडा मी स्वतः मोजला होता. म्हणालो, "बीडी १३९ दे. दीड अँपिअरचा आहे."

शिवराजनं डबा उघडला. "व्हय, हा जमंल. पायांचा क्रम तेवढा वेगळाय, बघून लावा."

मालनबाईंच्या खोलीतच जमिनीवर सामान मांडलं.

"भाऊ, जमंल ना?" त्या म्हणाल्या. "लग्नाचे चार ब्लाउज आज द्यायचेत. नळापाशी बसले तर शिवू कधी?"

"जमेल," मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं.

पुस्तकातलं चित्र पाहून नवा ट्रान्झिस्टर सोल्डर केला आणि खाली नळाकडे जाणाऱ्या दोन तारा सर्किटला जिथं जोडलेल्या होत्या, तिथं पाणी आल्यासारखं करायला ओलं फडकं ठेवलं. दिवा ढिम्म. शिवराजचं खरं असावं असं क्षणभर वाटलं. आकडे पुन्हा मांडले, बरोबर होते. मग पुस्तक पुन्हा उघडलं. चाळीस वर्षं मी गोल, धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर लावत आलो. त्यांच्या पायांचं चित्र खालच्या बाजूनं काढलेलं असतं. या चपट्याचं समोरून काढलेलं होतं, आणि मी सवयीनं तेही खालूनच वाचलं. कडेचे दोन पाय उलटे लागले होते. ट्रान्झिस्टर मात्र योग्यच निवडला होता.

ट्रान्झिस्टर काढला, उलटा फिरवून लावला. बटण दाबलं, आणि फडकं हातात घेण्याआधीच दिवा लागला. झालं, कुठंतरी सोल्डरचे दोन टाके एकमेकांना चिकटले! भिंग लावून एकेक टाका तपासला. काहीच चिकटलेलं दिसेना.

"थांबा, अजून चूक आहे," म्हणत मान वर केली. खुर्ची रिकामी होती. सुई अर्ध्या शिवणीत रुतलेली. जिन्यात घागर आपटल्याचा आवाज झाला.

"भाऊ, दिव्याकडं काय बघत बसलात?" मालनबाई खालून ओरडल्या. "तुमच्या पण बादल्या आणा, मोठी धार हाय!"