अध्यक्षाच्या डोक्यावरचं मांजर

दिदास रंगाऱ्याने त्या दिवशी सकाळीच डोकं घासून धुतलं. अंत्युखिया शहरातून प्रेषित येणार होता आणि तो ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा अध्यक्ष. नाव दिदासचंच निघालं होतं. पण तेलाचा घाणा चालवणारा बासस गावभर विचारत हिंडत होता, की अध्यक्षाने असल्या निळ्या बोटांनी मोडलेली भाकर खायची तरी कशी? हे बोलणं दिदासच्या जिव्हारी लागलं होतं. आता काहीही झालं तरी त्याला अध्यक्ष व्हायचंच होतं.

प्रेषित अरिस्तोन आला तो धुळीने माखलेला आणि वाळून काडी झालेला. मंडळी विधवा झेनाईसच्या घरी जमली होती. प्रार्थनेला उभा राहताच त्याचे डोळे फिरले, अंगात आत्मा संचारला आणि तो गरजला, "मेज मांडा. मासे तळा. जिरं सढळ हाताने घाला."

आत्म्याला जिऱ्याची काय पडली आहे, असं पुटपुटत झेनाईसने कढई ठेवली. रीत सगळ्यांना पाठ होती. संचारात मागवलेलं ताट गरिबांचं. मागवणाऱ्याने त्यातला घास घेतला तर तो भोंदू, आणि भोंदूने ठेवलेला हात बाद.

अरिस्तोनची नजर माशांवरून हलत नव्हती. दिदास मेज आणि प्रेषित यांच्यामध्ये भिंतीसारखा बसला. प्रेषित डावीकडे वाकला की हा उपवासाबद्दल विचारी, उजवीकडे वाकला की पुनरुत्थानाबद्दल. पण हात ठेवण्याची वेळ आली आणि अंगरखा नीट करायला दिदास क्षणभर वळला. तेवढ्यात घात झाला.

हात डोक्यावर आले ते ऊन ऊन आणि ओलसर. तेलाची धार कपाळावरून नाकापर्यंत ओघळली. म्हाताऱ्या रडू लागल्या, कुणी अभिषेक म्हणालं, कुणी चमत्कार. जन्म तेलात घालवलेल्या बाससनेसुद्धा गुडघे टेकले. दिदासला मात्र जिऱ्याचा वास आला आणि काय झालं ते कळलं.

मग झेनाईसचं मांजर आलं. कुणाला हात लावू न देणारं ते जनावर दिदासच्या खांद्यावर चढलं आणि मन लावून त्याचं डोकं चाटू लागलं.

"दिदास," झेनाईसने विचारलं, "माझं मांजर इतकं धार्मिक कधी झालं रे?"

काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. बासस अजून गुडघ्यावरच होता. ते सुख दिदासने एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

"मासा आहे, बाई," तो म्हणाला. "यांनी खाल्लाय."

अरिस्तोन मटकन खाली बसला. वाटेत कुणी दाराशी उभं केलं नव्हतं, म्हणाला, आणि स्वतःसाठी मागायची लाज वाटली. बासस मात्र टुणकन उठला. भोंदूला हाकला, आणि या रंगाऱ्याचं अध्यक्षपणही त्याच्याबरोबर जाऊ द्या, असं त्याने फर्मावलं.

"जाऊ दे," दिदास म्हणाला. "मी आता नुसता रंगारी. पण ताट गरिबांचं आहे ना? मग याला आधी पोटभर वाढा आणि नंतर काय ते भोंदू म्हणा. उपाशी माणसाला काय हाकलता?" आणि निळ्या बोटांनी त्याने भाकर मोडून अरिस्तोनपुढे ठेवली. खाणाऱ्याने बोटांकडे पाहिलंही नाही.

झेनाईसने हात पुसले आणि सगळ्यांकडे नजर फिरवली. "प्रेषिताचा हात बाद. आपले आहेत ना? ज्यांना हा रंगारी अध्यक्ष हवा, त्यांनी वर करा."

हात वर गेले. बाससचाही गेला, उशिरा आणि जेमतेम खांद्यापर्यंत. अरिस्तोनने दोन्ही हात वर केले, एकात मासा होता. ते दोन्ही हात मोजणीत धरले नाहीत, मासा मात्र मांजराने धरला.