लाकडी अंड्याची मास्तरकी

मी एक लाकडी अंडे बोलत आहे. या घरातल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, वळण लावण्याचे काम माझ्याकडे होते. त्यातून पुढे जो गोंधळ झाला त्याच्या मुळाशीही मीच होते. हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण बोलणी मात्र सूनबाईंनी खाल्ली.

माझा जन्म खुर्चीच्या पायातून झाला. उरलेला तुकडा सुताराने, म्हणजे सूनबाईंच्या नवऱ्याने, घासून गोल केला, त्याला पांढरा रंग दिला आणि खुराड्यातल्या गवतात मला बसवले. गवतात अंडे दिसले, की कोंबडीला ती जागा निर्धोक वाटते आणि तीही तेथेच अंडे घालते. उदाहरणाने शिकवणे ते हेच. मी स्वतः कधी अंडे घातलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

खुराड्यात जुन्या कोंबड्यांचे राज्य होते. त्यांच्या म्होरकीला घरात सगळे ‘मुकादमीण’ म्हणत. तलंगा आल्या तेव्हा तोंडओळख होईपर्यंत सुताराने मध्ये जाळी ठोकली. जाळी निघाली त्या सकाळी मुकादमिणीने एकेकीला टोच मारून तिची पायरी दाखवून दिली. पद्धत कठोर होती. परंतु वर्ग तत्काळ शांत झाला, हे मान्य केले पाहिजे.

तलंगा अंड्यावर आल्या आणि नेमकी तेव्हाच मुकादमीण खुडूक झाली. अंडी देणे बंद करून ती उबवायला बसली, आणि तीही माझ्यावर! मी लाकूड आहे, हे तिला कोण समजावणार? जवळ येणाऱ्या प्रत्येक तलंगेवर ती पिसे फुलवून धावून जाई. माझा वर्ग भरण्याआधीच सुटे.

बिचाऱ्या तलंगा वाट्टेल तेथे अंडी घालू लागल्या.

“अगं, माझ्या चपलेत अंडं!” एके सकाळी सासूबाई किंचाळल्या. “पाय घातला तेव्हा कळलं!”

“नव्या पोरी आहेत, आई. शिकतील,” सूनबाई म्हणाल्या.

“कधी शिकतील? ती तुझी लाडकी जागा अडवून बसलीय. अंडं द्यायचं नाव नाही, नुसती खातेय. उद्या खाटकाला बोलावते.”

“म्हातारी झाली म्हणून?”

“माझ्याकडे बघून बोलू नकोस!”

त्या तरातरा आल्या, मुकादमिणीच्या पोटाखालून मला खरे अंडे समजून उचलले आणि थेट तव्याच्या काठावर आपटले. तव्याला पोचा आला. मला साधा ओरखडाही उठला नाही. सूनबाई तोंडावर पदर धरून बाहेर पळाल्या. सासूबाईंनी मला खिडकीत नेऊन ठेवले; शिक्षा म्हणूनच असावे.

तेथून मला सगळे अंगण दिसत होते. मुकादमिणीला वेताच्या डालग्याखाली कोंडले होते. दिवस मावळताना जुन्या कोंबड्या मुकाट्याने खुराड्यात शिरल्या. तलंगा मात्र जाईनात. काही डालग्याभोवती घुटमळत होत्या, एक शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढली होती.

“या गं बायांनो, या!” सासूबाई दाणे उधळत होत्या. सुतार ओणवा होऊन लाकडांच्या ढिगामागे हात घालत होता.

“आई, सोडू का तिला?” सूनबाईंनी विचारले.

धाप लागलेल्या सासूबाईंनी नुसता हात हलवला.

डालगे उचलले गेले. मुकादमिणीने पिसे झटकली, घशातल्या घशात एकदाच आवाज काढला आणि ती खुराड्याकडे निघाली. भिंतीवरचीही खाली उतरली. सगळ्या तलंगा तिच्यामागे ओळीने चालल्या. एक जरा पुढे घुसली. तिला टोच मिळाली आणि ओळ पुन्हा सरळ झाली.

अंडे कोठे घालावे, हे मी शिकवणार होते. घर कोठे आहे, हे तिने केव्हाच शिकवून ठेवले होते. खिडकीत बसून मला हे पाहावे लागले.

“राहू दे तिला,” सासूबाई पायरीवर टेकत म्हणाल्या. “अंडं दिलं नाही तरी चालेल. खाटकाला नाही बोलावत. पण माझ्या चपला आजपासून वर!”

ठरले ते असे: मुकादमीण येथेच राहील, तिची उबवायची खोड मोडेपर्यंत तिच्याखाली काहीही ठेवायचे नाही, तलंगांसाठी सुतार दुसरे खोके करील आणि त्यात मला बसवले जाईल. सुतार, सूनबाई आणि सासूबाई तिघांनीही मान्यता दिली. मुकादमिणीचे मत विचारायला सुतार वाकला, तेव्हा तिने ते त्याच्या अंगठ्यावर नोंदवले. मला कोणी विचारले नाही. तरीही माझी संमती आहे. फक्त मला पुन्हा तव्यावर आपटू नये.