मास्तरांची कंबर

संशोधनवाल्या नर्सबाईंनी शिंपी मास्तरांच्या दुकानासमोरच्या सभागृहात तीन दिवस टेबल मांडलं. आले फक्त दोघं: एक पेन मागायला, दुसरा पंख्याखाली बसायला. कॅन्सर लवकर ओळखणारी नवी चाचणी तयार होत होती, तिच्यासाठी नळीभर रक्त हवं होतं. पण वस्तीचं म्हणणं एकच, "रक्त नेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत."

चौथ्या दिवशी बाई अ‍ॅप्रनचं बटण लावून घ्यायला मास्तरांच्या दुकानात आल्या, त्या अगदी रडकुंडीला येऊनच. "संध्याकाळपर्यंत वीस जण मिळाले नाहीत, तर ही वस्ती यादीतून गळेल. उद्या चाचणी निघेल, पण ती तुम्हा लोकांना लागू पडते का, हे कुणालाच ठाऊक नसेल."

मास्तरांच्या मनाला ते लागलं. "टेबल इथं आणा," ते म्हणाले. "इथं माणसं पोट आत ओढून उभी राहतात, मी खरं माप लिहितो, तरी पुन्हा माझ्याकडेच येतात."

दुपारपर्यंत दुकान भरलं. मास्तर ज्याला त्याला गळ घालत होते.

"मास्तर, आधी तुम्ही!" बेकरीवाला म्हणाला.

"मी? मला हा कोट आजच द्यायचाय."

"दिवसभर तोंडात टाचण्या धरता आणि एका सुईला घाबरता होय?"

हशा पिकला. मास्तरांनी अस्तरात डोकं खुपसलं.

सुईला ते घाबरत नव्हतेच. तीन महिन्यांत त्यांनी स्वतःची पँट कमरेत दोनदा आत घेतली होती, दार लोटून, चोरासारखी. मापाच्या वहीत स्वतःच्या पानावर मात्र छत्तीस तसंच ठेवलं होतं.

कोपऱ्यात काजं करणारी बायको उठली. तिने त्यांच्या गळ्यातली टेप ओढली, कमरेभोवती फिरवली आणि भर दुकानात वाचलं, "तेहतीस."

"अगं, टेप जुनी आहे. ताणली गेलीय."

"असं? मग याच टेपनं काल बेकरीवाले भावजी बेचाळीस कसे भरले?"

या वेळी बेकरीवाला हसला नाही.

"टाके पाहिलेत मी," ती हळूच म्हणाली. "तुमचा हात मला कळत नाही का?"

मास्तर बाईंच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले. "बाई, या रक्तातून मला कळेल का, काय झालंय ते?"

सगळ्यांनी कान टवकारले. हो म्हणणं बाईंना किती सोपं होतं!

"नाही," त्या म्हणाल्या. "ही चाचणी अजून शिकतेय. हिच्यावरून तुम्हाला काहीच सांगता येणार नाही. तुमची तपासणी वेगळी. उद्या सकाळी दवाखान्यात या, मी दारात उभी असेन. आणि रक्त दिलं नाहीत, तरी या."

मास्तरांनी बाही वर सारली.

"खरं बोलते की ही बाई," बेकरीवाला पुटपुटला आणि त्यांच्या मागे उभा राहिला. त्याच्यामागे त्याची बहीण, तिच्यामागे पेनवाला.

संध्याकाळी बाईंच्या पेटीत एकवीस नळ्या होत्या. दुकान रिकामं झाल्यावर मास्तरांनी वही उघडली, छत्तीस खोडलं आणि पेन उचललं.

"पेन्सिलीनं लिहा," बायको म्हणाली. "परत वाढवायचंय ते."